विचारा की, मॅडम आहेत: पळायचं कुठल्या लेनमध्ये?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज दोन ओळी लिहिल्या की पॅरिस ऑलिम्पिकमधला बॉक्सिंगचा वाद लोकांनी नीट वाचलाच नाही. झालं, तेवढ्यावर पत्रांचा नुस्ता ढीग, व्हॉट्सॲपवर आले ते वेगळेच, काही चांगले, काही असे की वाचता वाचता चहा गार झाला. म्हणून या महिन्यात गुडघेदुखी, खो-खोचे शूज आणि पोरं मोबाइल सोडत नाहीत हे सगळं पुढं ढकलते आणि बायकांच्या गटात कुणी खेळायचं या एकाच विषयावरची पत्रं घेते. नाव कुणाचंच छापत नाही, ज्यांनी छापा म्हणून सांगितलं त्यांचंसुद्धा नाही.

"ऑलिम्पिकमध्ये एक बाप्या बाई म्हणून घुसला, इटलीच्या पोरीला ठोसे मारले आणि वर गोल्ड मेडल घेऊन गेला. तीस वर्षं पीटी शिकवली मी, असलं कधी बघितलं नाही. तुम्ही बाई असून त्याची बाजू घेता?" (निवृत्त पीटी सर, अशोक चौक)

सर, नमस्कार. तुमच्याच शिट्टीवर मी पण कधीतरी परेड केली असेल, त्यामुळं जरा दबकतच लिहिते, पण तुम्हाला आलेला तो फॉरवर्ड खोटा होता. इमान खलीफ अल्जीरियाची, मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली, पासपोर्ट बाईचा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये पण बायकांच्यातच खेळली होती आणि तिथं हरली, तेव्हा कुणाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ती पुरुषाची बाई झालेली नाही. पॅरिसमध्ये ६६ किलोत इटलीच्या अँजेला कारिनीनं ४६ सेकंदात मॅच सोडली आणि ती रडली, तो व्हिडिओ जगभर फिरला. त्याच कारिनीनं नंतर खलीफची माफी मागितली, ती बातमी मात्र तुमच्या ग्रुपवर आली नाही.

आता वाद काहीच नव्हता असं पण नाही, ते लपवलं तर मी पण फॉरवर्डवालीच झाले. २०२३ ला आपल्या दिल्लीत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा आयबीए नावाच्या बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेनं खलीफला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला टेस्टमध्ये बसत नाहीत म्हणून बाहेर काढलं होतं. पण त्या आयबीएची मान्यताच ऑलिम्पिक कमिटीनं त्याच वर्षी कारभाराच्या भानगडींवरनं काढून घेतली, आणि कमिटीनं दोघींना पॅरिसला खेळू दिलं, दोघी गोल्ड घेऊन गेल्या. २०२३ मध्येच वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना निघाली, तिनं २०२५ मध्ये जीन टेस्ट सक्तीची केली.

सर, मूळ घोळ असा आहे की आपण तीन वेगळी माणसं एकाच नावानं ओरडतो. जन्मानंतर मुलगा म्हणून नोंद झाली आणि जी आता बाई म्हणून जगते (किंवा उलट) ते ट्रान्सजेंडर, मराठीत पारलिंगी. जन्मापासून बाई म्हणूनच वाढलेली पण शरीरात आतल्या आत काही वेगळं आहे, गुणसूत्रं म्हणा, हार्मोन म्हणा, आणि बहुतेक वेळा तिला स्वतःलाच ते माहीत नसतं, ती आंतरलिंगी, खेळाच्या फायलीत डीएसडी. आणि जो माणूस म्हणतो मी धड बाई पण नाही, बाप्या पण नाही, तो नॉनबायनरी, तिथं शरीराचा प्रश्नच नसतो बऱ्याचदा. या तिघांचे नियम वेगळे, दुःखं वेगळी. आपण तिघांना मिळून एक शिवी ठेवली आहे आणि काम भागवतो.

"मी ८०० मीटर पळते, वय १७. पप्पा नाइट करून लूमवरनं येतात आणि न झोपता मला पाचला पार्कवर सोडतात. माझा बेस्ट २:२१ आहे. उद्या माझ्या शेजारच्या लेनमध्ये आधी मुलगा असलेलं कोणी आलं तर मी काय करायचं? आणि हे विचारलं म्हणून मी वाईट मुलगी आहे का?"

नाही बाळा. अजिबात नाही. सगळ्या ढिगातलं सगळ्यात सरळ पत्र तुझं होतं.

तुझ्याच इव्हेंटचं घे. ८०० चा पुरुषांचा वर्ल्ड रेकॉर्ड डेव्हिड रुडिशाचा, लंडन २०१२, १:४०.९१. बायकांचा यार्मिला क्रातोखविलोवाचा १:५३.२८, १९८३ चा, चाळीस वर्षं उलटून गेली तरी हलला नाही. मधे बारा सेकंद आणि वर थोडं, म्हणजे साधारण बारा टक्के. हा फरक मेहनतीचा नाही, पप्पांनी तुला पाच ऐवजी चारला सोडलं म्हणून तो भरून निघणार नाही. मुलगे वयात येतात तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढतं, बायकांच्यात ते साधारण दोनच्या आत, पुरुषांच्यात आठ ते तीसपर्यंत (नॅनोमोल प्रति लिटर, ते युनिट पाठ करायची गरज नाही), त्यानं उंची वाढते, हाडं जाड होतात, रक्तात हिमोग्लोबिन जास्त राहतं, हृदय-फुप्फुसं मोठी होतात. म्हणूनच बायकांचा गट वेगळा काढला. तो काढला नसता तर फायनलला एक पण बाई दिसली नसती, तू नाही, मी तर नाहीच नाही.

मग प्रश्न असा येतो की वयात आल्यानंतर ज्या बाईनं औषधं घेऊन हे हार्मोन खाली आणलं, तिचं काय? इथं विज्ञान एकाच आवाजात बोलत नाही बघ. अमेरिकन एअर फोर्समधल्या लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२० ला आला, त्यात ट्रान्स बायकांचे पुशअप्स दोन वर्षांत बाकी बायकांच्या बरोबरीला आले पण पळण्यात त्या दोन वर्षांनंतर पण १२ टक्के फास्टच होत्या. उलट २०२४ ला ऑलिम्पिक कमिटीच्या पैशांवर झालेल्या एका अभ्यासात ट्रान्स खेळाडूंच्या हाताची पकड बाकी बायकांपेक्षा जोरदार निघाली, पण वजनाच्या हिशोबानं उडी आणि दम कमी निघाला. हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत खाली येतं, उंची आणि हाडं येत नाहीत, आणि मोठं शरीर कमी इंजिनावर ओढायचं म्हणजे तोटा पण होतो. हे सगळं खेळाखेळावर आहे, नेमबाजीत काय आणि रग्बीत काय, एकच माप कसं लावणार?

संघटनांनी मात्र आता बऱ्यापैकी दार लावून घेतलं आहे. लिया थॉमस म्हणून अमेरिकन ट्रान्स स्विमर, मार्च २०२२ ला कॉलेजच्या नॅशनलमध्ये ५०० यार्ड जिंकली आणि एकच गहजब झाला (त्याच मीटमध्ये ती २०० ला पाचवी आणि १०० ला आठवी आली हे कुणी सांगत नाही). जून २०२२ ला पोहण्याच्या जागतिक संघटनेनं सांगितलं, पुरुषी वयात येणं ज्यांच्या शरीरात झालं त्यांना बायकांच्या गटात जागा नाही. मार्च २०२३ ला वर्ल्ड ॲथलेटिक्सनं तेच केलं, नोव्हेंबर २०२३ ला आयसीसीनं. आपल्या बीडचे क्रिकेटर संजय बांगर, त्यांची ट्रान्स लेक अनाया बांगर हिनं आयसीसी आणि बीसीसीआयकडं दाद मागितली ती याच नियमावर. म्हणजे तू इंटरनॅशनलला पोचशील तेव्हा, आजच्या नियमानं तरी, तू विचारतेस ती वेळ येणारच नाही.

आणि आकडे किती मोठे आहेत हे पण बघ. डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या कॉलेज स्पोर्ट्सच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं की ५ लाख १० हजार खेळाडूंत ट्रान्स दहापेक्षा कमी माहीत आहेत. टोकियोला ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड उतरली, न्यूझीलंडची, वय ४३, जगभरच्या टीव्हीवर तिच्यावर चर्चा, आणि तिचे स्नॅचचे तिन्ही लिफ्ट फेल गेले, स्पर्धा तिथंच संपली, थँक्यू म्हणून निघून गेली.

माझं मत विचारशील तर सांगते, पटलंच पाहिजे असं नाही. वरच्या पातळीवर, जिथं मेडल, स्कॉलरशिप, सरकारी नोकरी अडकलेली असते तिथं पळणं, पोहणं, वजन उचलणं या खेळांत वयात येण्याची रेघ मला मान्य आहे. ज्या पोरीनं पाच वाजता उठून बारा टक्क्यांशी भांडायचं त्या पोरीला मी "मन मोठं कर" असं सांगू शकत नाही. पण ही रेघ आंतरशालेय मैदानावर, गणेशोत्सवाच्या स्पर्धांवर, पार्कवर सकाळी जॉगिंगला येणाऱ्या माणसावर ओढायला निघाले की मी नाही म्हणते. तिथं पोर खेळायला येतं हेच मेडल.

बाय द वे, २:२१ मध्ये पहिला लॅप किती लागतो ते लिहून पाठव. मला वाटतं तू पहिल्या ३०० ला फार पळतेस.

"माझी नवी पेठेत लॅब आहे. मॅडम, एवढा गोंधळ कशाला? गालाच्या आतून कापूस फिरवायचा, एसआरवाय जीन, म्हणजे पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरचा तो जीन, आहे की नाही बघायचं, आयुष्यात एकदाच. आधार कार्डसारखं. यात अपमान कसला?"

तुमच्यासारखाच विचार वर्ल्ड ॲथलेटिक्सनं केला, १ सप्टेंबर २०२५ पासून बायकांच्या गटात वर्ल्ड रँकिंगच्या स्पर्धा खेळायच्या तर ही टेस्ट एकदा करावीच लागते. कापूस फिरवण्यात अपमान नाही, मान्य. रिपोर्ट आल्यावर काय होतं ते सांगते.

हे नवीन नाहीच मुळात. १९६६ ला बुडापेस्टला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये बायकांना डॉक्टरांसमोर कपडे काढून चालवलं होतं. ते फारच ओंगळ दिसायला लागलं म्हणून १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून गुणसूत्रांची टेस्ट आली. १९८५ ला स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेस-पातिन्यो जपानला कोबेला गेली, आधीचं "बाई असल्याचं सर्टिफिकेट" घरी विसरली, परत टेस्ट झाली आणि एक्सवाय, म्हणजे पुरुषाची गुणसूत्रं, निघाली. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉन ओळखतच नव्हतं, फायदा शून्य. तिथं तिला दुखापतीचं नाटक करायला लावलं, १९८६ ला स्पेनच्या नॅशनलला परत तेच सांगितलं, नाटक कर आणि गुपचूप बाजूला हो. ती नाही म्हणाली, पळली, बातमी फुटली, स्कॉलरशिप गेली, लग्न ठरलेला मुलगा गेला. १९८८ ला तिला परत घेतलं, पण वय थांबतं होय? १९९६ ला अटलांटात तुमची हीच एसआरवाय टेस्ट लावली, ३३८७ बायकांत ८ पॉझिटिव्ह निघाल्या आणि आठही जणींना खेळू दिलं, कारण एक पण पुरुष नव्हती. मग १९९९ ला कमिटीनं टेस्टच बंद केली. हा जीन ज्या टीमनं १९९० ला शोधला त्यातले अँड्र्यू सिंक्लेअर स्वतः सांगतात की जीन आहे एवढंच ही टेस्ट सांगते, तो काम करतो का, शरीर त्याचं ऐकतं का हे नाही सांगत.

आणि लांब कशाला जायचं. तमिळनाडूची शांती सौंदराजन, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाची पोर, ८०० मीटरवालीच, २००६ च्या दोहा एशियन गेम्सला सिल्व्हर आणलं आणि टेस्टनंतर काढून घेतलं, तिनं ते टीव्हीवर ऐकलं. जीव द्यायला निघाली होती. काही वर्षांनी परत वीटभट्टीवर दिसली. ओडिशाची द्युती चंद २०१४ ला कॉमनवेल्थच्या तोंडावर बाहेर, हार्मोन जास्त म्हणून, पण ती लढली, जुलै २०१५ ला खेळांच्या कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला, २०१८ च्या एशियन गेम्सला दोन सिल्व्हर आणले. साऊथ आफ्रिकेची कास्टर सेमेन्या, परत ८००, दोन ऑलिम्पिक गोल्ड, तिला सांगितलं औषध घेऊन हार्मोन खाली आण नाहीतर घरी बस, ती कोर्टात गेली ती जुलै २०२५ पर्यंत कोर्टातच होती. युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं शेवटी म्हटलं की स्वित्झर्लंडच्या कोर्टात तिची बाजू नीट ऐकली गेली नाही, पळायला मात्र अजून नाहीच.

या बायकांपैकी एकीनंही काही लपवलं नव्हतं. डोपिंग करणारा पकडला तर त्यानं काहीतरी केलेलं असतं, हिनं काय केलं, जन्म घेतला?

आता एक माझं सांगते. बरीच वर्षं झाली, मी नवीन नोकरीला लागलेली, तालुक्याला शाळांच्या खो-खोच्या मॅचेस. आमच्यासमोरच्या गटात एका खेड्याच्या शाळेची पोरगी, बारीक केस, घोगरा आवाज, पण खांबावरनं काय सूर मारायची, बघत राहावं. तिनं एका डावात समोरच्यांचे सहा घेतले. हरलेल्या शाळेच्या लोकांनी आरडाओरडा सुरू केला, हे पोरगं आहे, चेक करा. आयोजक घाबरले. म्हणाले एखादी लेडी टीचर खोलीत जाऊन बघू दे. लेडी टीचर म्हणजे मी. आणि मी गेले. नाही म्हणता आलं असतं, पण त्या वेळेला सुचलंच नाही, मला वाटलं दोन मिनिटाचं काम आहे, पोरीचीच बाजू मोकळी होईल. स्टोअर रूम होती, हर्डल्स आणि चटयांचा वास, पोरगी काही बोलली नाही, रडली पण नाही, फक्त टी-शर्ट परत घालताना उलटा घातला. मी बाहेर येऊन सांगितलं, मुलगी आहे. मॅच सुरू झाली. ती परत खेळायला उतरलीच नाही, त्या दिवशी पण नाही आणि नंतर कधीच नाही, तिच्या सरांना मी दोन-तीनदा निरोप दिला, घरचे पाठवत नाहीत म्हणाले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला होता साहेब. तरी असं झालं. तुमच्या लॅबमध्ये रिपोर्ट कॉम्प्युटरवर येणार, मग टेक्निशियनला कळणार, कोचला कळणार, सतरा वर्षांच्या पोरीला सगळ्यात शेवटी, आणि सोलापुरात गोष्ट सात रस्त्याला सांगितली की संध्याकाळपर्यंत होटगी रोडला पोचलेली असते. टेस्ट करायचीच असेल तर आधी सांगा की पॉझिटिव्ह आलेल्या पोरीच्या शेजारी कोण बसणार आहे, कुठला डॉक्टर, कुठला वकील, त्याचा खर्च कुणाचा. त्याचं उत्तर कुणी दिलं की मी कापसाला नाही म्हणणार नाही.

"सिंपल आहे, तिसरा गट काढा. विषय खल्लास." (जुळे सोलापूर)

काढून बघितला. ऑक्टोबर २०२३ ला बर्लिनला पोहण्याच्या वर्ल्ड कपमध्ये "ओपन" गट ठेवला होता, एकही एंट्री आली नाही. येणार कशी, एवढ्या गर्दीत जाऊन "मी तो" म्हणून एकट्यानं उभं राहायचं? मात्र रोड रनिंगमध्ये जमतंय, न्यूयॉर्क मॅरेथॉननं २०२१ पासून आणि बोस्टन, लंडननं २०२३ पासून नॉनबायनरी गट ठेवलाय, कारण तिथं हजारो लोक एकत्रच पळतात, फॉर्मवर एक चौकोन वाढवला की झालं. आपल्याकडच्या हाफ मॅरेथॉनवाल्यांनी एवढं तरी करायला काय हरकत आहे, टी-शर्टचे सहा साइज ठेवताच ना.

"ही सगळी अमेरिकेची फॅडं आहेत. आपल्या मातीत असलं काही नव्हतं. छापायची हिंमत आहे का बघू." (नाव-पत्ता नाही)

छापलं. आता ऐका. आपण यल्लम्माच्या वाटेवर राहतो, डोक्यावर देवीचा जग घेऊन साडी नेसून येणारा जोगता दारात आला तर तुमची आई सूप भरून जोंधळे घालायची का नाही? आणि आपलं गाव विणकरांचं, कानडी-तेलुगू-मराठी तिन्ही बोलणारं, तर कानडीतला एक जुना वचनकार होता, दासिमय्या, धंद्यानं विणकरच, तो हजारेक वर्षांपूर्वी सांगून गेला की थानं-केस दिसले की बाई म्हणता, दाढी-मिशा दिसल्या की बाप्या म्हणता, पण आत जो जीव फिरतो तो ना बाई ना बाप्या. तेव्हा अमेरिका नकाशावर पण नव्हती. आपल्या सुप्रीम कोर्टानं पण १५ एप्रिल २०१४ ला सांगितलंय की आपण कोण हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला.

फक्त एक, आणि हे मी माझ्या बाजूच्या लोकांना पण सांगते: दासिमय्याच्या वचनानं ८०० मीटरचा निकाल लागत नाही. जीव बाई नाही बाप्या नाही, पण मांडीचं हाड कुणाचं तरी असतं. ओळख मान्य करणं वेगळं आणि गट ठरवणं वेगळं. ओळखीला कुणाची परवानगी लागत नाही, गटाला नियम लागतात. हे दोन्ही एकदम बोलणाऱ्या माणसाला दोन्हीकडनं शिव्या बसतात, मला बसतायत, चालू द्या.

"मी ट्रान्सवुमन आहे, पोलीस भरतीची तयारी करते. ग्राउंडवर पोरं हसतात, म्हणतात ऑलिम्पिकनं बॅन केलंय, तुला कोण घेणार बे. खरंय का?"

खोटंय. ऑलिम्पिकचा आणि भरतीचा काडीचा संबंध नाही, ती स्पर्धा आहे, ही नोकरी. मुंबई हायकोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला झापल्यावरच पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये तुमच्यासाठी तिसरा रकाना आला. बीड जिल्ह्यातल्या एका कॉन्स्टेबलनं २०१८ ला ऑपरेशन करून घेतलं, बाई म्हणून भरती, पुरुष म्हणून ड्युटी, खात्यात कायम. जाहिरात आली की मैदानी चाचणीचे निकष त्यातच वाचा, कुणाच्या तोंडचं ऐकू नका. आणि गोळाफेक लवकर सुरू करा, सगळी पोरं-पोरी पळण्यावर मरतात आणि मार्क गोळ्यात घालवतात. हसणाऱ्यांचं म्हणाल तर सकाळी साडेपाचला माझ्या बॅचबरोबर या, तिथं हसायला कुणाकडं दम शिल्लक नसतो.

"लेकीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, वय १६, सांगितलं की मी मुलगी नाही आणि मुलगा पण नाही. पॅरिसमधल्या कुणा निक्कीचे व्हिडिओ बघते. शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे, मुलींच्या. आता तिला काढतील का? मिस्टर बोलत नाहीत. सासूबाई घरात कानडी बोलतात, त्यांना काय सांगायचं तेच कळत नाही. मला तर काय हाक मारायची ते पण कळत नाही." (एक आई, विजापूर रोड)

ताई, आधी सोपं सांगते. कुणी काढत नाही. ती निक्की म्हणजे निक्की हिल्ट्झ, अमेरिकेची १५०० मीटरवाली, २०२१ ला सांगितलं की मी नॉनबायनरी, २०२४ ला अमेरिकेची ट्रायल ३:५५.३३ मध्ये जिंकली आणि पॅरिसला फायनलमध्ये सातवा नंबर, सगळं बायकांच्याच गटात. कॅनडाची क्विन, नावच एवढं एक, फुटबॉलर, २०२० ला सांगितलं आणि टोकियोला टीमबरोबर गोल्ड मेडल, तो पण महिलांचा फुटबॉल. दोघांचं शरीर जन्मापासून बाईचं, बाहेरून हार्मोन घेतलेलं नाही, त्यामुळं कुणाला फायदा नाही, कुणाचं नुकसान नाही. नियमाला मनाशी देणंघेणं नसतं. पुढं कधी टेस्टोस्टेरॉन घ्यायचं ठरलं तर मात्र ते डोपिंगच्या यादीत आहे, मग बायकांच्या गटात खेळता येत नाही, पण ती फार पुढची गोष्ट, आत्ता सोळा वर्षांच्या पोटात ते घालू नका.

अवघड आहे ते बोलणं. इंग्लिशमध्ये "दे" (they) म्हटलं की झालं, आपल्या मराठीत माणूस तोंड उघडलं की पकडला जातो, मी जातो का मी जाते, तिथंच कळतं. कोल्हापूर-सांगलीकडं बऱ्याच बायका बिनधास्त "मी आलो, मी गेलो" म्हणतात, त्यांना कुणी विचारायला जात नाही तुम्ही कोण म्हणून. आणि मराठीजवळ एक चीज आहे जी इंग्लिशजवळ पण नाही, आपलं नपुंसकलिंग. शब्द ऐकायला कसातरीच, पण वापर बघा, लेकरू आलं, पोरगं दमलं, बाळ जेवलं का. यात शिवी कुठंय, यात तर सगळी माया भरलेली आहे. तुम्ही पत्रात "लेकीनं" लिहून पुढं अडखळलात, तिथं "लेकरानं" लिहिलं असतं तर अडखळलाच नसता.

सासूबाईंचं तर मला गंमतच वाटते. कानडीत मान देऊन बोललं की बाई काय आणि बाप्या काय, "अवरु बंदरु", एकच. तेलुगूत पण तसंच. आता नातवंडाला कोण अहो-जाहो करतं म्हणा, पण म्हाताऱ्या माणसांना आपण समजतो तेवढं जड जात नाही, त्यांना सांगा की लेकराला असं असं वाटतं, त्या म्हणतील ऊटा माडिता, म्हणजे जेवलं का, आणि विषय संपेल. मिस्टरांना वेळ द्या. मिस्टर बोलत नाहीत, पण मॅच बघायला येतात का? येत असतील तर निम्मं काम झालंय.

टीममधल्या बाकी पोरींना सांगायचं का नाही ते लेकरू ठरवेल, तुम्ही नाही, सर नाहीत, मी तर नाहीच. कपडे बदलायची जागा हा खरा प्रश्न येतो, सरांना एवढंच सांगा की एक आडोसा असलेली खोली, एकेकानं जाऊन बदलायचं, सगळ्यांनाच, तिला एकटीला... बघा, मी पण घसरले, त्याला... लेकराला एकट्याला नाही. बाकी पोरी पण खूश होतील, त्या उघड्या वर्गात बदलायला कुणालाच आवडत नाही.

आणि नवीन जर्सीचं तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय, नाव छापायला शनिवारपर्यंत द्यायचंय, कुठलं द्यायचं. शाळेच्या रजिस्टरला जे आहे ते एंट्री फॉर्मवर राहू द्या, फॉर्मशी भांडू नका. पाठीवर काय छापायचं ते आज रात्री जेवताना लेकरालाच विचारा, आणि सुचत नसेल तर नुस्ता नंबर छापा, खो-खोत तसं पण मागनं पाठीत खो देताना नाव कोण वाचतंय.